ब्लेंडेड माल्ट स्कॉच व्हिस्की

ब्लेंडेड माल्ट स्कॉच व्हिस्की हा स्कॉटलंडमध्ये तयार होणाऱ्या स्कॉच व्हिस्कीचा एक प्रकार आहे. दोन किंवा अधिक डिस्टिलऱ्यांमध्ये गाळलेल्या सिंगल माल्ट व्हिस्की एकत्र करून ती बनवली जाते. तिच्यात केवळ मोड आणलेल्या सातूपासून, म्हणजेच माल्टपासून, तयार झालेली व्हिस्की असते. गहू, मका यांसारख्या धान्यांपासून काढलेल्या ग्रेन व्हिस्कीचा तिच्यात अंशही नसतो. नावात 'ब्लेंडेड' हा शब्द असल्यामुळे सर्वाधिक खपणाऱ्या 'ब्लेंडेड स्कॉच'शी तिची सर्रास गल्लत केली जाते. २००९ पूर्वी या प्रकारास 'व्हॅटेड माल्ट' किंवा 'प्युअर माल्ट' म्हणत असत.

दीर्घकाळ ओकच्या पिंपात मुरलेली ब्लेंडेड माल्ट आस्वादकांच्या दृष्टीने विशेष अभ्यासाचा विषय ठरते. तिच्या बाटलीवरील वयाचा आकडा केवळ किमान कालावधीची हमी देतो; दर्जाची नव्हे. मूळ मद्य, लाकूड, काळ आणि मिश्रणकाराची निवड या चार घटकांचा मेळ कितपत जमला आहे, हे गंध व चव यांवरूनच ठरवावे लागते.

व्याख्या आणि वर्गीकरण

स्कॉच व्हिस्कीसंबंधीची सध्याची ब्रिटिश नियमावली २३ नोव्हेंबर २००९ रोजी अमलात आली. तिच्यानुसार स्कॉचचे पाच प्रकार मानले जातात.

• सिंगल माल्ट: एकाच डिस्टिलरीत, केवळ पाणी व माल्ट केलेला सातू वापरून, पॉट स्टिल या पारंपरिक तांब्याच्या भांड्यांत घाण्याघाण्याने गाळलेली व्हिस्की.
• सिंगल ग्रेन: एकाच डिस्टिलरीत, माल्टबरोबर अन्य धान्येही वापरून तयार केलेली व्हिस्की.
• ब्लेंडेड माल्ट: एकाहून अधिक डिस्टिलऱ्यांच्या सिंगल माल्टचे मिश्रण.
• ब्लेंडेड ग्रेन: एकाहून अधिक डिस्टिलऱ्यांच्या सिंगल ग्रेनचे मिश्रण.
• ब्लेंडेड स्कॉच: सिंगल माल्ट व सिंगल ग्रेन यांचे मिश्रण.

यावरून 'सिंगल' हा शब्द एका पिंपाचा नव्हे, तर एका डिस्टिलरीचा निदर्शक आहे, हे स्पष्ट होते. बहुतेक सिंगल माल्टदेखील एकाच डिस्टिलरीच्या अनेक पिंपांतील व्हिस्की एकत्र करूनच बाटलीबंद होतात. ब्लेंडेड माल्टमध्ये हे मिश्रण डिस्टिलरीची सीमा ओलांडते, एवढाच कायदेशीर फरक आहे.

पाचही प्रकारांना काही अटी समान लागू होतात. गाळलेल्या मद्यातील मद्यार्क आकारमानानुसार ९४.८ टक्क्यांपेक्षा कमी असावा लागतो. हे मद्य स्कॉटलंडमध्येच, जास्तीत जास्त ७०० लिटर क्षमतेच्या ओक पिंपांत, किमान तीन वर्षे मुरवावे लागते. त्यात पाणी आणि रंगासाठी साधे कॅरॅमल यांखेरीज काहीही मिसळता येत नाही. बाटलीतील मद्यार्काचे प्रमाण किमान ४० टक्के असावे लागते.

स्पेसाइड, हायलँड, लोलँड, आयला आणि कॅम्बेलटाउन ही पाच प्रादेशिक नावेही संरक्षित आहेत. मिश्रणातील सर्व माल्ट एकाच प्रदेशातील असतील तर ब्लेंडेड माल्टवर त्या प्रदेशाचे नाव लावता येते. डग्लस लेंग या कंपनीची 'बिग पीट' ही केवळ आयला बेटावरील माल्टपासून बनलेली व्हिस्की याचे उदाहरण होय.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कॉटलंडमधील व्हिस्की मुख्यतः पिंपांतून विकली जाई. पिंपागणिक चव बदलत असल्याने ग्राहकाला प्रत्येक वेळी सारखा माल मिळण्याची शाश्वती नसे. वाणसामान व मद्य विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी निरनिराळ्या पिंपांतील व्हिस्की मोठ्या हौदासारख्या भांड्यात, म्हणजे व्हॅटमध्ये, एकत्र करून या अडचणीवर तोडगा काढला. 'व्हॅटेड माल्ट' हे नाव त्यावरूनच पडले.

१८५३ मध्ये एडिनबरा येथील अँड्र्यू अशर यांच्या पेढीने 'ओल्ड व्हॅटेड ग्लेनलिव्हेट' हे उत्पादन बाजारात आणले. मिश्रित स्कॉचच्या इतिहासातील हे पहिले ठळक व्यापारी नाव मानले जाते. १८६० च्या मद्यविषयक कायद्याने शुल्क भरण्यापूर्वीच, सरकारी देखरेखीखालील गोदामात, माल्ट व ग्रेन व्हिस्कीचे मिश्रण करण्यास परवानगी दिली. इनियस कॉफी यांनी १८३० च्या सुमारास पेटंट घेतलेल्या अखंड चालणाऱ्या ऊर्ध्वपातन यंत्रामुळे ग्रेन व्हिस्की स्वस्तात आणि मुबलक मिळू लागली होती. परिणामी माल्ट व ग्रेन यांच्या मिश्रणाने जागतिक बाजारपेठ काबीज केली आणि केवळ माल्टचे मिश्रण मागे पडले.

ग्रेन व्हिस्कीला व्हिस्की म्हणावे की नाही, हा वाद पुढे न्यायालयात गेला. लंडनमधील इस्लिंग्टन येथील स्थानिक प्रशासनाने १९०५ मध्ये काही विक्रेत्यांवर खटले भरले आणि पहिला निकाल मिश्रण करणाऱ्यांच्या विरोधात लागला. त्यानंतर १९०८ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने १९०९ मध्ये ग्रेन व्हिस्की व मिश्रित व्हिस्की या दोहोंनाही 'व्हिस्की' म्हणवून घेण्याचा अधिकार मान्य केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ च्या कायद्याने, व्हिस्की मुरवण्याची किमान मुदत प्रथमच ठरवण्यात आली. सुरुवातीची दोन वर्षांची ही मुदत लवकरच तीन वर्षांची झाली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगल माल्टची लोकप्रियता वाढल्यावर माल्टच्या मिश्रणाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. जॉनी वॉकरने १९९७ मध्ये १५ वर्षांची 'प्युअर माल्ट' आणली. तीच पुढे 'ग्रीन लेबल' या नावाने ओळखली जाऊ लागली. विल्यम ग्रँट अँड सन्स या कंपनीची 'मंकी शोल्डर' २००५ मध्ये आली. सातू फावड्याने सतत परतण्याच्या कामामुळे माल्टघरातील कामगारांच्या खांद्याला जडणाऱ्या विकारावरून तिचे नाव ठेवलेले आहे.

निर्मिती आणि परिपक्वता

मूळ मद्य

सातू भिजवून त्याला मोड आणले जातात व नंतर तो उष्णतेने वाळवला जातो. वाळवताना पीटचा धूर दिल्यास धान्यात फिनॉल वर्गातील संयुगे उतरतात. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतके साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. व्हिस्कीतील धुराचा, आयोडीनसारख्या औषधी द्रव्याचा किंवा डांबराचा भास या संयुगांमुळे होतो. दळलेला माल्ट गरम पाण्यात मिसळून त्यातील साखर काढली जाते, यीस्ट घालून ती आंबवली जाते आणि मिळालेला द्रव तांब्याच्या भांड्यांत बहुधा दोनदा गाळला जातो. तांबे गंधकयुक्त संयुगे शोषून घेते. त्यामुळे भांड्याचा आकार, मानेची उंची आणि वाफ थंड करण्याची पद्धत यांनुसार प्रत्येक डिस्टिलरीच्या मद्याचा स्वभाव वेगळा होतो.

पिंपातील बदल

गाळलेले मद्य रंगहीन असते. पिंपात भरताना त्याची तीव्रता सामान्यतः ६३.५ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. पिंपामध्ये तीन प्रकारचे बदल एकाच वेळी घडतात. लाकडातील पदार्थ मद्यात उतरतात, मद्यातील कच्चे व उग्र घटक लाकडाच्या जळक्या थरात शोषले जातात किंवा उडून जातात, आणि उरलेल्या घटकांची हवेतील प्राणवायूशी व परस्परांशी प्रक्रिया होऊन नवी सुगंधी संयुगे तयार होतात. पहिला बदल तुलनेने लवकर घडतो. तिसऱ्याला मात्र वर्षे लागतात, आणि दीर्घकाळ मुरलेल्या व्हिस्कीचे वेगळेपण मुख्यतः त्यातच असते.

अमेरिकन बर्बन व्हिस्कीला नवे, आतून जाळलेले ओकचे पिंप वापरणे तेथील कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे एकदा वापरलेली, सुमारे २०० लिटरची पिंपे स्कॉटलंडला मोठ्या प्रमाणावर मिळतात. अमेरिकन ओकमधून व्हॅनिला, खोबरे व मध यांची आठवण करून देणारे गंध येतात. स्पेनमधील शेरी वाइनने मुरवलेली, साधारण ५०० लिटरची पिंपेही वापरली जातात. त्यांतून बेदाणे, अंजीर, अक्रोड, लवंग यांच्या जातीचे गंध आणि गडद रंग मिळतो.

पिंप हवाबंद नसते. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत दरवर्षी सरासरी सुमारे २ टक्के द्रव उडून जातो. या घटीला व्यवसायात 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. हा दर स्थिर धरल्यास २०० लिटरच्या पिंपात २० वर्षांनंतर सुमारे १३३ लिटर व्हिस्की शिल्लक राहते. जुन्या व्हिस्कीच्या वाढत्या किमतीमागे ही घट आणि अडकून पडलेले भांडवल ही ठोस कारणे आहेत. मद्यार्काचे प्रमाणही हळूहळू उतरते. ते ४० टक्क्यांखाली गेले तर त्या पिंपातील द्रव स्वतंत्रपणे स्कॉच म्हणून विकता येत नाही.

मिश्रणकला

मिश्रणकार म्हणजेच मास्टर ब्लेंडर आपले बहुतांश काम नाकाने करतो. नमुने पाणी घालून सुमारे २० टक्क्यांपर्यंत सौम्य केले जातात. त्यामुळे मद्यार्काचा झोंबरेपणा कमी होऊन दोषही उघडे पडतात. प्रत्येक पिंपाची तपासणी करून कोणते मद्य मुख्य आधार म्हणून, कोणते सुगंधासाठी आणि कोणते केवळ छटेपुरते वापरायचे हे ठरवले जाते. तीव्र धुरकट माल्ट थोड्या प्रमाणातही संपूर्ण मिश्रणावर मात करू शकते, म्हणून ती जपून वापरतात. ब्लेंडेड स्कॉचमध्ये ग्रेन व्हिस्की सौम्य पार्श्वभूमीचे काम करते. ब्लेंडेड माल्टमध्ये ती सोय नसल्याने ठळक स्वभावाच्या माल्टचा परस्परांशी मेळ घालावा लागतो.

१५ वर्षांची 'ग्रीन लेबल' हे याचे सहज समजणारे उदाहरण आहे. टॅलिस्कर, कूल ईला, क्रॅगनमोर आणि लिंकवुड या तिच्यातील चार प्रमुख माल्ट म्हणून कंपनीने जाहीर केलेल्या आहेत. स्काय बेटावरील टॅलिस्करमुळे मिरीसारखा तिखटपणा व समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याचा भास येतो, तर आयला बेटावरील कूल ईला धूर पुरवते. स्पेसाइडमधील लिंकवुड फुलांचा व हिरव्या सफरचंदाचा गंध देते आणि क्रॅगनमोर धान्याची गोडी व भरीवपणा आणते. या चौघींची वैशिष्ट्ये मिश्रणात वेगळी ओळखता येणे आणि तरीही एकही इतरांवर कुरघोडी न करणे, ही चांगल्या ब्लेंडेड माल्टची खूण मानली जाते.

मिश्रण झाल्यावर काही उत्पादक ते पुन्हा पिंपात किंवा मोठ्या भांड्यात काही काळ ठेवतात, जेणेकरून निरनिराळे घटक एकजीव व्हावेत.

'टीस्पून्ड माल्ट' ही या प्रकाराची एक वेगळी शाखा आहे. एखादी डिस्टिलरी दुसऱ्या व्यापाऱ्याला पिंप विकताना त्यात अन्य डिस्टिलरीची अत्यल्प व्हिस्की मिसळते. चवीत फारसा फरक पडत नाही. पण कायद्याच्या दृष्टीने ती ब्लेंडेड माल्ट ठरते आणि मूळ डिस्टिलरीच्या नावाने सिंगल माल्ट म्हणून विकता येत नाही.

वयाचा उल्लेख

बाटलीवर वय छापायचे असल्यास ते मिश्रणातील सर्वांत तरुण व्हिस्कीचे असावे लागते. मिश्रणात ९९ भाग ३० वर्षांची आणि एक भाग १२ वर्षांची व्हिस्की असेल, तरी बाटलीवर १२ हाच आकडा छापता येतो. सरासरी काढण्यास मुभा नाही. वय केवळ पिंपातील वर्षांचे मोजले जाते. काचेच्या बाटलीत व्हिस्की मुरत नाही, त्यामुळे १२ वर्षांची व्हिस्की बाटलीत आणखी २० वर्षे राहिली तरी ती १२ वर्षांचीच राहते.

वयाचा उल्लेख बंधनकारक नाही. 'मंकी शोल्डर'सारख्या अनेक व्हिस्की वय न छापता विकल्या जातात. अशी व्हिस्की किमान तीन वर्षांची असते, यापलीकडे ग्राहकाला खात्रीने काही सांगता येत नाही.

वय वाढले म्हणजे दर्जा वाढतोच असे नाही. अनेकदा वापरून निस्तेज झालेल्या पिंपात २५ वर्षे राहिलेली व्हिस्की फिकी राहू शकते. उलट, जोरदार नव्या लाकडात फार काळ राहिलेल्या व्हिस्कीत जास्त उकळलेल्या चहासारखा तुरटपणा आणि कोरडा कडवटपणा उतरतो. प्रत्येक पिंपाचा उत्कर्षबिंदू वेगळा असतो. तो ओळखून पिंप वेळीच रिकामे करणे हे मिश्रणकाराचे महत्त्वाचे कौशल्य आहे. एखाद्या पिंपातील अतिरेक दुसऱ्याने सावरता येतो, हा ब्लेंडेड माल्टचा सिंगल माल्टपेक्षा असलेला फायदा होय.

आस्वादन

पेला आणि पूर्वतयारी

आस्वादनासाठी तळाशी फुगीर व वर निमुळता होत जाणारा, ट्यूलिपच्या आकाराचा पेला वापरतात. या आकारामुळे बाष्प आत साठते आणि गंध काठाजवळ एकवटतो. २००१ मध्ये बाजारात आलेला ग्लेनकेर्न पेला या कामासाठी जगभर रूढ झाला आहे. रुंद तोंडाच्या नेहमीच्या पेल्यात गंध लगेच विखुरतो. बर्फामुळे गंधद्रव्यांचे बाष्पीभवन मंदावते आणि जिभेची संवेदना बोथट होते, म्हणून आस्वादनाच्या वेळी तो टाळतात. १५ ते २० मिलिलिटर एवढी मात्रा पुरेशी असते. तिखट जेवण, अत्तर, उदबत्ती किंवा तंबाखू यांच्या सान्निध्यात सूक्ष्म गंध ओळखता येत नाहीत.

रंग

रंगावरून पिंपाचा प्रकार आणि वय यांचा अंदाज बांधण्याची प्रथा आहे. परंतु तो बेभरवशाचा असतो. कॅरॅमल मिसळण्यास परवानगी असल्याने गडद रंग हा वयाचा पुरावा ठरत नाही. बोर्दो येथील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पांढऱ्या वाइनला गंधहीन लाल रंग दिल्यावर ५४ चाखणाऱ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळ्यांचा नाकावर पडणारा हा प्रभाव टाळण्यासाठी व्यावसायिक परीक्षणात निळ्या काचेचे पेलेही वापरतात.

पेला फिरवल्यावर काचेवरून उतरणाऱ्या ओघळांनाही काही वर्णनांत अवास्तव महत्त्व दिले जाते. मद्यार्क पाण्यापेक्षा लवकर उडत असल्याने पृष्ठताणात फरक पडतो आणि हे ओघळ तयार होतात. त्यांवरून मद्यार्काच्या तीव्रतेविषयी काहीसा अंदाज येतो, दर्जाविषयी नाही.

गंध

चवीचा बहुतांश भाग प्रत्यक्षात गंधाचा असतो. पेला नाकाजवळ हळूहळू आणून, ओठ किंचित विलग ठेवून अल्प श्वास घेतला जातो. नाक पेल्यात खुपसून जोराने हुंगल्यास मद्यार्कामुळे घ्राणेंद्रिय काही काळ बधिर होते. पहिल्या ओळखीनंतर पेला काही मिनिटे तसाच ठेवून पुन्हा गंध घेतात. दीर्घकाळ मुरलेली व्हिस्की हळूहळू उलगडते आणि पहिल्या व पंधराव्या मिनिटाच्या गंधांत स्पष्ट फरक आढळतो.

स्कॉच व्हिस्कीच्या गंधांची पद्धतशीर मांडणी करणारे चक्र १९७९ मध्ये पेंटलँड्स या स्कॉच उद्योगाच्या संशोधन संस्थेत तयार झाले. सध्याच्या बहुतेक वर्णनपद्धती त्यावर आधारलेल्या आहेत. धान्य, फळे, फुले, पीट, लाकूड, वाइन, गंधक आणि जडसर शेवटचे अंश असे गट त्यात आढळतात. आधी गट ओळखणे आणि मग त्यातील नेमका पदार्थ शोधणे असा क्रम नवशिक्यांना उपयुक्त ठरतो.

इंग्रजी वर्णनांत हेदरची फुले, ख्रिसमस केक किंवा गूजबेरी यांचे उल्लेख वारंवार येतात. हे गंध ज्याच्या अनुभवात नाहीत त्याला त्या शब्दांचा उपयोग नसतो. गंधाचे नाव स्मृतीतून येत असल्याने मराठी भाषक आस्वादकाने काकवी, भाजलेले खोबरे, पिकलेले केळे, खारीक, जायफळ, चुलीचा धूर किंवा जुन्या कपाटातील कोरडे लाकूड असे स्वतःच्या ओळखीचे शब्द वापरणे अधिक अचूक ठरते. वर्णनाची कसोटी शब्दाच्या नावीन्यात नसते. तोच नमुना पुन्हा समोर आल्यावर त्या टिपणावरून तो ओळखता आला पाहिजे.

पाणी

पाणी घातल्याने चांगली व्हिस्की बिघडते, हा समज चुकीचा आहे. बाटलीबंद करतानाच बहुतेक व्हिस्कीत पाणी मिसळलेले असते. स्वीडनमधील ब्यर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संगणकीय अभ्यासानुसार, धुरकट चवीस कारणीभूत असणाऱ्या गुआयाकोलचे रेणू ४५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेल्या मिश्रणात पृष्ठभागाजवळ राहतात. ५९ टक्क्यांहून अधिक तीव्रतेत मात्र ते मद्यार्काच्या रेणूंनी वेढले जाऊन द्रवाच्या आतच राहतात. तीव्र व्हिस्कीत पाणी घातल्यावर गंध मोकळा होण्याच्या अनुभवाशी हा निष्कर्ष जुळतो.

पाणी थेंबाथेंबाने घालून प्रत्येक वेळी बदल टिपण्याची पद्धत आहे. जुन्या व्हिस्कीची मूळ तीव्रता अनेकदा कमी असल्याने जास्त पाण्याने ती लवकर विसविशीत होते. पाणी घातल्यावर येणारा किंचित गढूळपणा हा दोष नसतो. ज्या व्हिस्की थंड करून गाळलेल्या नसतात, त्यांतील तेलकट एस्टर कमी तीव्रतेत विद्राव्य राहत नसल्याने तो दिसतो.

चव आणि रेंगाळणारा स्वाद

लहान घोट घेऊन तो जिभेवर सर्वत्र फिरवला जातो. प्रथम पोत लक्षात येतो: पातळ, तेलकट, मेणचट किंवा रेशमी. त्यानंतर गोड, आंबट, कडू, खारट या मूळ चवी आणि लाकडातील टॅनिनचा तुरटपणा जाणवतो. पहिल्या घोटाने तोंडाला मद्यार्काची सवय होते, त्यामुळे निर्णय दुसऱ्या घोटानंतरच घेण्याचा प्रघात आहे.

घोट गिळल्यावर घशातून नाकात चढणाऱ्या बाष्पामुळे जो स्वाद मागे रेंगाळतो, त्याचा कालावधी आणि त्यातील बदल दोन्ही नोंदवतात. केवळ दीर्घ असणे पुरेसे नसते. कडवटपणा किंवा जळजळ दीर्घकाळ राहणे हा दोषच होय. चांगल्या जुन्या व्हिस्कीत हा स्वाद टप्प्याटप्प्याने बदलत जातो, उदाहरणार्थ फळांकडून मसाल्यांकडे व अखेरीस मंद धुराकडे.

दीर्घकाळ मुरल्याच्या खुणा

मद्यार्काचा झोंबरेपणा कमी असणे, ताज्या फळांऐवजी सुक्या किंवा मुरवलेल्या फळांचा गंध, मेण, मध, चामडे, तंबाखूची पाने, अक्रोड व अळिंबी यांच्या छटा ही दीर्घ परिपक्वतेची सामान्य लक्षणे मानली जातात. यांपैकी सुकामेवा आणि अळिंबी यांच्या मिश्र गंधाला कोन्याकच्या परिभाषेतून घेतलेला 'रॅन्सिओ' हा शब्द वापरतात. फिनॉलचा प्रभाव काळाबरोबर ओसरत असल्याने जुन्या पीटयुक्त माल्टमध्ये धूर तीव्र न राहता विझलेल्या राखेसारखा सौम्य होतो.

ब्लेंडेड माल्टमध्ये याशिवाय घटकांची एकजीवता तपासली जाते. कच्च्या मिश्रणात धूर, फळ आणि लाकूड वेगवेगळे, एकामागून एक आदळतात, तर जमलेल्या मिश्रणात एका छटेतून दुसरी उमलते. किंमत, नाव आणि वय यांचा मनावर परिणाम होत असल्यामुळे अशी तुलना बाटली झाकून करणे विश्वसनीय मानले जाते. त्यासाठी वेगवेगळ्या वयांचे तीन-चार नमुने सारख्याच पेल्यांत ओतून केवळ क्रमांकाने मांडले जातात.

वाद

२००३ मध्ये डियाजियो या कंपनीने 'कार्डू' या सिंगल माल्टची मागणी पुरवठ्यापेक्षा वाढल्याने तिच्यात इतर डिस्टिलऱ्यांच्या माल्ट मिसळण्यास सुरुवात केली आणि जवळपास तशाच बाटलीत ती 'प्युअर माल्ट' म्हणून विकली. ग्राहकाची दिशाभूल होत असल्याची टीका अन्य उत्पादकांनी केली. २००४ मध्ये कंपनीने हा निर्णय मागे घेतला. 'प्युअर माल्ट' हा शब्द बाद करून 'ब्लेंडेड माल्ट' ही एकच संज्ञा सक्तीची करण्यामागे या वादाची पार्श्वभूमी होती. नव्या संज्ञेवरही आक्षेप घेण्यात आले. 'व्हॅटेड' या जुन्या शब्दाने जो भेद स्पष्ट होत होता, तो 'ब्लेंडेड'मुळे पुसला गेला, असे टीकाकारांचे म्हणणे होते. कंपास बॉक्स या कंपनीने जुन्या संज्ञेची मुदत २०११ मध्ये संपताना 'द लास्ट व्हॅटेड माल्ट' या नावाची व्हिस्की काढली.

याच कंपनीने २०१५ मध्ये आपल्या दोन व्हिस्कींमधील प्रत्येक घटकाचे वय व प्रमाण जाहीर केले. सर्वांत तरुण घटकाखेरीज इतर कोणत्याही घटकाच्या वयाचा उल्लेख युरोपीय व ब्रिटिश नियमांत बसत नसल्याचे तिला कळवण्यात आल्यावर ती माहिती मागे घ्यावी लागली. ग्राहकाला जुन्या व्हिस्कीच्या एका थेंबाच्या नावाखाली फसवले जाऊ नये, हा नियमाचा हेतू आहे. तर संपूर्ण आणि खरी माहिती देण्यासही त्याने आडकाठी होते, हा कंपनीचा युक्तिवाद होता. कंपनीने २०१६ मध्ये नियमबदलासाठी मोहीम सुरू केली.

भारतातील संदर्भ

स्कॉच व्हिस्की असोसिएशनच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारताने २१.९ कोटी बाटल्यांइतकी स्कॉच आयात केली आणि संख्येच्या दृष्टीने फ्रान्सला मागे टाकून पहिले स्थान मिळवले. यातील मोठा भाग बाटलीबंद नसतो. तो मोठ्या टाक्यांतून येऊन भारतात बाटलीबंद होतो किंवा भारतीय व्हिस्कीत मिसळला जातो. सिंगल माल्ट मात्र २०१२ पासून स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करणे सक्तीचे आहे. २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या भारत–युनायटेड किंग्डम व्यापार करारात स्कॉचवरील १५० टक्के आयातशुल्क प्रथम ७५ टक्के आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्के करण्याची तरतूद आहे.

भारतात 'स्कॉच व्हिस्की' हे नाव भौगोलिक निर्देशक म्हणून नोंदवलेले आहे. त्यामुळे भारतात तयार झालेल्या माल्ट व्हिस्कीला स्कॉच म्हणता येत नाही. बंगळूरची अमृत आणि गोव्यातील पॉल जॉन या भारतीय सिंगल माल्टच्या निर्मितीत उष्ण हवामानामुळे बाष्पीभवन स्कॉटलंडच्या कित्येक पट होते आणि लाकडाचा परिणामही लवकर उतरतो. म्हणून भारतीय व स्कॉटिश व्हिस्कीच्या वयाच्या आकड्यांची थेट तुलना करणे योग्य ठरत नाही.

साठवण

वाइनची बाटली आडवी ठेवतात. व्हिस्कीची मात्र उभी ठेवावी लागते, कारण तीव्र मद्यार्काच्या सततच्या संपर्काने बूच खराब होते. प्रखर प्रकाश व उष्णता यांमुळे रंग आणि गंध बिघडतात. बाटली उघडल्यानंतर, विशेषतः ती अर्ध्याहून अधिक रिकामी झाल्यावर, आतील हवेमुळे स्वाद हळूहळू उतरतो. अशी शिल्लक व्हिस्की लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवणे हा प्रचलित उपाय आहे.

आरोग्य आणि कायदा

वय, किंमत किंवा दर्जा यांमुळे मद्यार्काच्या शारीरिक परिणामांत फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने मद्ययुक्त पेयांचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात केला आहे. मद्यार्काचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः निर्धोक मानता येत नाही, असे संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. व्यावसायिक परीक्षक एका बैठकीत अनेक नमुने तपासत असल्याने घोट न गिळता थुंकून टाकतात. मिश्रणकाराचे बहुतेक काम गंधावरच चालत असल्याने व्हिस्कीची पारख आणि तिचे सेवन या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. भारतात मद्यविषयक कायदे राज्यांच्या अखत्यारीत येतात. महाराष्ट्रात व्हिस्कीसारखे तीव्र मद्य घेण्यासाठी किमान वय २५ वर्षे आहे.